आधी देवाला

“एक चमचा चाखून दाखवा, मग पुढचं बोलू,” म्हणत गिरीराजनं चमचा गंगव्वांसमोर धरला.

“आधी देवाला,” गंगव्वा म्हणाल्या आणि त्यांनी चमचा ताटलीत ठेवून दिला.

निवेदितानं शेंगाचटणीची बाटली गिरीराजपुढे सरकवली. कोरमंगल्यात दोन दुकानं असलेला हा गिरीराज मोठ्या मिनतवारीनं जयनगरला आला होता. घरगुती धंदा उभा करू पाहणाऱ्या बायकांच्या या केंद्रात ती सल्लागार होती. केंद्र ओटा आणि चूल द्यायचं, परवाना काढून द्यायचं, गिऱ्हाईक शोधायला हात द्यायचं. पण मुदत संपली की जागा दुसरीला. गंगव्वांची मुदत याच महिन्यात संपत होती. कायमचं गिऱ्हाईक लागलं नाही, तर त्या पुन्हा येलहंक्यात लोकांकडे धुणीभांडी करायला जाणार होत्या.

“चव बघत नाहीत म्हणता, मग दर वेळी तीच चव कशी राहील?” गिरीराज म्हणाला. त्याचं म्हणणं रास्तच होतं.

“त्यांचा नेम आहे तो,” निवेदिता घाईनं म्हणाली. “लेबलवर लिहिलंय बघा.”

‘न चाखता केलेली, नैवेद्यासारखी.’ ही ओळ तिचीच. तिला त्या ओळीचा भारी अभिमान होता. पुण्यात वाढलेल्या मुलीला, नैवेद्य आधी उष्टावायचा नसतो हे कुणी शिकवावं लागत नाही.

करोनाच्या तापातून गंगव्वा मरता मरता वाचल्या, तेव्हापासूनचा हा नेम. त्याआधी त्या चार घरी स्वयंपाक करत. तापानंतर ती घरं सुटली. पण निपाणीकडची ही बाई हातपाय गाळून बसली नाही. कुणाची धुणीभांडी केली आणि घरी आईच्या पद्धतीची बिनलसणाची शेंगाचटणी करून विकायला लागली. नवस बोलल्या असतील, असं निवेदितानं मनाशी ठरवून टाकलं होतं. श्रद्धेच्या बाबतीत खोदून विचारू नये, म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं.

“ठीक आहे. मग माझ्यासमोर करा,” गिरीराज खुर्ची ओढून बसला.

गंगव्वांनी पदर खोचला आणि फळीवरचे डबे बघून त्या थबकल्या. “डब्यांच्या जागा कुणी बदलल्या?”

“मी. सकाळी फोटो काढायचे होते ना,” निवेदिता ओशाळून म्हणाली.

“ऱ्हाऊ द्या ताई. मी लावते.” सगळे डबे स्टीलचे, एकाच घाटाचे. गंगव्वांनी एकेक उघडून आतलं बोटांनी चिवडून पाहिलं आणि डबे जागच्या जागी लावले. मग त्यांनी कढई ठेवली.

दाणे भाजताना त्या कुणाशी बोलत नसत. कढईकडे कान देऊन बसत. तडतड मंदावली की आच बंद. मिरची चिमटीत चुरून बघत, मीठ मुठीत तोलून घेत. आयटीत असताना निवेदितानं भलीभली हुशार माणसं पाहिली होती, पण कामावर इतका जीव लावणारं माणूस तिला इथं येऊन भेटलं. गंगव्वांना यश मिळावं असं तिला स्वतःच्या यशापेक्षा जास्त वाटे.

चटणी झाली. पहिली वाटी यल्लम्माच्या तसबिरीपुढे गेली. मग तीच वाटी शेजारच्या ओट्यावर लाडू वळणाऱ्या कावेरीकडे.

“कसं झालंय? खरं सांग.”

“सरी, ठीक आहे अक्का. मीठ बरोबर.”

मग गिरीराज. “कसं झालंय? खरं सांगा.” हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडावरची नजर काढत नसत. निवेदिताला त्यांच्या या विनयाचं फार कौतुक वाटे.

गिरीराजनं पिशवीतून मागच्या महिन्यात मागवलेली बाटली काढली. थोडी ही, थोडी ती, असं आलटून पालटून खाल्लं. केंद्रातल्या बाकीच्या बायकांनीही हातातली कामं थांबवली.

“काडीचा फरक नाही,” तो अखेर म्हणाला. “दर आठवड्याला पाठवा. दोन्ही दुकानांत ठेवतो.”

कावेरीनं लाडवाच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. गिरीराज उठता उठता हसला. “देवाला दाखवून झालं. आता तरी घ्या की.”

“आज उपास हाय,” गंगव्वा म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून दिलं.

तो गेल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या. डोळे भरून आले होते. “आता मला हाताखाली बाया घ्याव्या लागतील. कावेरी कायमची येते का विचारते. येकटीचं काम न्हाई हे.”

“सगळं होईल. तुम्ही बसा. कॉफी मी करते. उपासाला चालते ना?”

निवेदिता तरंगतच होती. एका हातात फोन, केंद्रातल्या सगळ्यांना बातमी कळवायची होती. सकाळी तिनं साखर ठेवली होती त्या जागी हात गेला, डबा उघडला, दोन्ही कपांत घसघशीत चमचे पडले. आज गोडच व्हायला हवी होती कॉफी.

तिनं पहिला कप गंगव्वांच्या हातात दिला. “देव नंतर. आज पहिला मान तुमचा.”

गंगव्वा लाजल्या. फुंकर घालत, सावकाश, त्यांनी कप संपवला. तळाशी न विरघळलेले दाणे बोटानं टिपून तेही जिभेवर ठेवले. वाया घालवायची त्यांना सवय नव्हती.

“कशी झालीय? खरं सांगा,” निवेदितानं त्यांचीच नक्कल केली.

गंगव्वांनी तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. तिथं नुसता आनंद होता.

“झकास,” त्या म्हणाल्या. “साखर स्वल्प जास्त पडली. पण आज चालतंय.”

निवेदितानं हसत आपला कप तोंडाला लावला, आणि कॉफी नव्हे, मिठाचं पाणी तिच्या जिभेवर आलं.