नऊ वर्षांत एकही तक्रार नाही

"एआयला कोडची सूची कशाला हवी, म्झे? राहू द्या," आवुओर म्हणाली.

वडीलधारे म्हणून ओगुतूंना सगळे 'म्झे' म्हणत. त्यांना गंमत वाटली. कालपर्यंत हीच पोरगी एआयचं कौतुक करताना थकत नव्हती. आज अंगाशी येणार म्हटल्यावर धीर सुटला. तिला इथे येऊन दहा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या लेखी ती पोरगीच.

केनियातल्या किसुमूच्या त्या कचेरीत दवाखान्यांसाठी औषधाची मात्रा काढणारं सॉफ्टवेअर लिहीत. त्याचा पाया ओगुतूंनी घातलेला. आता मालकीण न्याबोके बाईंना नव्या कामाचा प्रमुख नेमायचा होता, ओगुतू नाहीतर आवुओर. निवृत्तीआधी ओगुतूंना ती खुर्ची हवीच होती.

"माझ्या मात्रेच्या फायलीबद्दल नऊ वर्षांत एक तक्रार नाही," ते बाईंना म्हणाले. "हिच्याकडे आठवड्याला दोन येतात. डोलारा कुणाच्या कोडवर उभा आहे, ते एआयलाच विचारा ना."

"त्याला काय कळणार?" बाई म्हणाल्या. "चार हजार फायली. आंधळ्यासारखा चाचपडत बसतो."

"म्हणून तर सूची. कोणता तुकडा कुठे आहे, कोण कुणाला कामाला बोलावतो, सगळं टिपून ठेवते. मग तो नेमकं बोट ठेवतो."

"म्झे," आवुओर हळू आवाजात म्हणाली, "झाकली मूठ बरी असते."

"ज्याची रिकामी, त्याला बरीच." ओगुतू हसले आणि मंदाझीची, गोड तळलेल्या वड्यांची बशी तिच्याकडे सरकवली. हरणाऱ्यानं निदान खाऊन तरी घ्यावं.

या कचेरीत त्यांना कुणी उलट बोलत नसे. वडीलधाऱ्याचा मान होता. त्यांच्या फायलीला हात लावायची तर कुणाची छातीच होत नसे.

चहा संपेपर्यंत सूची तयार झाली. ओगुतूंनी स्वतः प्रश्न टाइप केला, 'माझ्या मात्रेच्या फायलीला कोण कोण बोलावतं?' आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. आवुओर खिडकीबाहेर बघत राहिली.

उत्तर आलं: 'कुणीही नाही. त्या फायलीत लहान मुलांची मात्रा चुकत होती, म्हणून नऊ वर्षांपूर्वी आवुओरने नवी फाइल लिहिली. तेव्हापासून सगळे नवीलाच बोलावतात. नवीच्या माथ्यावर तिची टीप आहे: जुनी फाइल कुणी काढू नका, म्झे रोज सकाळी उघडून बघतात.'