कडक उपास

“ती खोटं बोलनारी बाई न्हवती, सिस्टर,” दत्तोबा म्हणाले आणि बाकावरून हलायलाच तयार होईनात.

पायलनं त्यांना दारातच ओळखलं होतं. मालनबाईंचे मालक. शिवण्याहून बसनं आले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. काल वर्षश्राद्ध झालं म्हणाले. ज्या बाईचा आवाज वर्षभर तिच्या कानातून जात नव्हता, तिचा नवरा समोर बसला होता.

कर्वेनगरातलं हे छोटंसं हॉस्पिटल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला फोन करायचं काम पायलचं. डॉक्टरांनी शिकवलेलं वाक्य होतं, ‘रात्रीपासून उपाशी राहा.’ पण उपाशी म्हटलं की म्हातारी माणसं भडकायची. “आजारी माणसाला उपाशी ठेवता होय?” असं म्हणून एका आजोबांनी तर फोनच आपटला होता. म्हणून पायलनं आपला एक गोड शब्द शोधून काढला. ‘उद्या उपास धरा हं!’ उपास म्हटलं की सगळ्या आज्या लगेच कबूल. डॉक्टरांनीसुद्धा कौतुक केलं होतं, पोरीला बोलायचं कळतं म्हणून.

मालनबाईही अशाच लगेच कबूल झाल्या. पित्ताशयातले खडे काढायचे होते, साधं ऑपरेशन. आत नेताना पायलनं विचारलं, “उपास आहे ना?” “अगं, कडक!” म्हणाल्या आणि हसल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही पायलकडूनच घाईघाईत विचारून घेतलं, “उपास ना?” आणि कामाला लागले. भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं. मालनबाई पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. डॉक्टरांनी व्हरांड्यात नातेवाइकांना एवढंच सांगितलं, “आजींनी उपास मोडला आणि आमच्यापासून लपवला. आम्ही काय करणार?” मालनबाईंचा मुलगा रविराज मान खाली घालून निघून गेला. विषय संपला. नातेवाइकांशी एक शब्दही बोलायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद मिळाली.

पायलचा विषय मात्र संपला नाही. रोज सकाळी ती कुणाला तरी ‘उपास आहे ना?’ विचारायची आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच तिला ऐकू यायचं, ‘अगं, कडक!’ लिफ्टमध्ये, आंघोळ करताना, नवऱ्याच्या गाडीवर मागे बसलेली असताना. आधी ती घाबरायची. मग चिडायला लागली. का हो खोटं बोललात? एवढी कसली मेली भूक आवरेना? खरं सांगितलं असतंत तर ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं असतं, आज घरी मालिका बघत बसला असतात! गेलेल्या बाईशी ती अशी भांडायची, आणि ती बाई आपली हसायची.

“मला एकच सांगा,” दत्तोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पोरगं म्हनतं, आईनं जिभेपायी जीव घालवला. पावन्यारावळ्यांत बी तेच. पर तिनं न्हाई मोडला उपास. मोडला आसंल तर म्या.”

“तुम्ही?”

“हितं यायच्या आधी मी तिला खिचडी करून दिली. साबुदान्याची. उभ्या जल्मात चुलीपुढं गेलो न्हवतो. म्हटलं, आज बिचारीचं ऑपरेशन, मी करतो. ती कॉटवर बसून सांगत व्हती, कूट घाला, मिरची घाला. समदं केलं. आन् वरनं कोथमीर टाकली. हाटेलात टाकत्यात तशी, शोभेला.” त्यांनी मांडीवरची टोपी मुठीत धरली. “आमच्यात उपासाला कोथमीर चालत न्हाई, सिस्टर. इसरलो बघा. ती रागावली न्हाई. एकेक पान येचून काढलं, मगच खाल्लं. पर तिला बी कमीच दिसायचं. एखादं पान ऱ्हायलं आसंल. त्या पानानं मोडला ना उपास? वरीसभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. पोराला सांगायची छाती झाली न्हाई.”

अगं आई गं! मालनबाईंनी काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. सांगितल्या शब्दाप्रमाणे त्या वागल्या होत्या, पानन् पान वेचून. हसल्या होत्या त्या अभिमानानं. आणि त्यांच्याशी ती वर्षभर भांडत होती.

केबिनच्या काचेतून डॉक्टर इकडेच बघत होते. “पायल, तीन नंबरच्या पेशंटला घ्या,” आतून हाक आली.

ती उठली नाही.

“आजोबा, पान राहिलं असतं तरी काही झालं नसतं,” ती म्हणाली. “उपास मोडला नव्हता. तुम्ही नाही मोडलात, त्यांनीही नाही.”

दत्तोबांनी डोळे मिटले. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, टोपी डोक्यावर चढवली आणि उठले. दाराशी पोचले आणि वळले.

“मग ती गेली कशानं?”

केबिनचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले होते. पायलनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“माझ्या चुकीनं,” ती म्हणाली. “मी त्यांना ‘उपाशी राहा’ म्हणायला हवं होतं, आजोबा.”