पाहुणीचा हात

मैना सकाळपासून चाऱ्याला तोंड लावत नव्हती, आणि आता तर आडवी पडून नुसती कण्हत होती. पहिलारू म्हैस. रेडकाचा एक पाय बाहेर आला होता, दुसरा येत नव्हता. घरधनी आण्णांनी हात घालून पाहिला. पण त्यांचा पंजा फावड्याएवढा, तो आत जाईना. जनावरांचा डॉक्टर कुंडल गावाच्या पलीकडं दुसऱ्याच गोठ्यात अडकला होता. "तासभर तरी लागंल," असं त्यानं फोनवर सांगितलं.

चंद्राबाई मैनाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आई मेलेल्या या म्हशीला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मैनाजवळ तासभर उरला नव्हता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गोठ्याच्या दारात एल्के उभी होती. हॉलंडची, पन्नाशीची बाई. चंद्राबाईचा थोरला लेक यशराज तिकडं शिकायला होता तेव्हा हिच्याच घरी राहिला होता, आणि आता ही त्याच्या घरी मुक्कामाला आली होती. आल्यापासून चंद्राबाईनं तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. जेवलेलं ताट घेऊन उठली, की ते हातातून काढून घ्यायचं. परक्या मुलखात आपल्या पोराला जिनं जेवू घातलं, तिचे पाय धुतले तरी कमीच. बाई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. काय चुकतंय ते चंद्राबाईला कळत नव्हतं. काल तिनं पुरणपोळ्या करून पाहिल्या, पण गुण आला नाही.

एल्केनं हातातलं घड्याळ काढून चंद्राबाईच्या लेकीकडं, सृष्टीकडं दिलं, इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि बाह्या वर सारल्या.

"आई, मी हात घालून बघू का म्हणत्यात."

"न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "पावणीला गोठ्यात राबवायचं? गाव तोंडात शेण घालंल आमच्या."

"गाव सांभाळायचं का म्हस, ते ठरीव," आण्णा म्हणाले आणि स्वतःच बाजूला सरकले.

एल्केनं साबणानं हात धुतले, खांद्यापर्यंत गोडं तेल चोळलं आणि शेणामुतात सरळ पालथी पडली. मनगट आत गेलं, कोपर गेलं, मग खांद्यापर्यंतचा सगळा हात गेला. तिचा गाल मैनाच्या मांडीला टेकला. तिनं डोळे मिटले आणि हळू आवाजात ती बोलायला लागली. ते इंग्रजी नव्हतं, तिच्या घरची बोली असावी. सृष्टीलाही त्यातलं काही कळेना. मैनानं मात्र कान हलवले आणि कण्हणं थांबवलं.

इतक्या जणांना उघड्या डोळ्यांनी दिसत नव्हतं, ते ही बाई डोळे मिटून आत बघत होती.

बऱ्याच वेळानं एल्के उठून बसली आणि तिनं आण्णांना मानेनं ओढायची खूण केली. दुसरा पाय बाहेर आला, त्यावर टेकलेलं नाक आलं, आणि पुढच्या कळेला सगळं रेडकू तिच्या मांडीवर घसरलं. ते हलत नव्हतं. एल्केनं कडब्याची काडी घेतली आणि त्याच्या नाकपुडीत फिरवली. काडी फिरत राहिली.

रेडकू शिंकलं.

फौजेतून रिटायर झालेल्या आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मैना मान वळवून पिलाला चाटायला लागली. "देव हाय गं बाई," चंद्राबाई पुटपुटली. हे मैनाला म्हटलं की त्या बाईला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

एल्के तशीच शेणात बसून हसत होती. इथं आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली. मग तिनं घाण झालेली जमीन पाहिली आणि भिंतीला टेकवलेल्या खराट्याकडं हात नेला. चंद्राबाई लगबगीनं उठली. तिला उठलेली पाहून एल्केनं हात मागं घेतला, आणि सृष्टीशी काहीतरी बोलली.

"काय म्हणत्यात?"

सृष्टीनं अर्थ सांगितला. "दादा त्यांच्यात पहिलं आठ दिवस पाहुण्यासारखा बसून असायचा म्हणं. खोलीत जाऊन रडायचा. मग त्यांनी त्याला गोठ्यातलं शेण काढायला लावलं. त्या दिवसापासनं रडायचा थांबला."

यशराजनं घरी कधी शेणाला हात लावला नव्हता. चंद्राबाईनंच लावू दिला नव्हता. आणि रडल्याचं तर त्यानं फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. मग तिनं खराटा उचलला, पदरानं त्याची मूठ पुसली आणि एल्केच्या हातात दिला.

"घे गं. तू तिकडनं लोट, मी हिकडनं येते."

सृष्टी इंग्रजीत सांगायला गेली, तोवर एल्केनं लोटायला सुरुवात केली होती.