हात लागला की चाल

टेलरने आपलं बंदर उघडं टाकलं आणि ताईच्या कपाळाला आठी पडली.

कापडाची चिंधीसुद्धा वाया न घालवणारा हा माणूस. अकरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर चौघं हा बेटांचा खेळ मांडत आले. प्रत्येकाची तीन बंदरं, आठ जहाजं, आणि शेवटचं जहाज बुडेपर्यंत माणूस खेळात. अकरा वर्षांत टेलरने बंदर कधी फुकट सोडलं नव्हतं. दातांची डॉक्टरीणही आज आपली जहाजं कोपऱ्यातल्या कोपऱ्यात फिरवत बसली होती. एरवी ही बाई गोड बोलता बोलता गळा कापायची. आणि ताईचा धाकटा भाऊ, जो तिला हाताला धरून घेऊन आला होता, तो तर तिच्याकडे बघतच नव्हता.

बघणार कसा? त्यानेच आदल्या दिवशी दोघांना फोन केले होते. आठ महिन्यांनी ताई पहिल्यांदा खेळायला येतेय, जरा सांभाळून घ्या, जिंकू द्या, तेवढंच तिला बरं वाटेल. भाऊ प्रेमळ होता, पण प्रेमाला अक्कल असतेच असं नाही.

बावीस वर्षं तिने शहरात बस चालवली होती. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला, तो आता मांडीवर पडलेला असायचा. डावा हात थरथरायचा. शब्द तोंडातून सावकाश, एकेक करून बाहेर पडायचे. डोकं मात्र जिथल्या तिथे होतं, आणि हेच कुणाला पटत नव्हतं.

टेलरच्या उघड्या बंदराकडे तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि कडेचं एक जहाज हलवायला डावा हात पुढे नेला. हात वाटेत थरथरला. करंगळी तिच्याच मोठ्या बंदराच्या तोंडावर राखणीला उभ्या असलेल्या जहाजाला लागली. जहाज चांगलं बोटभर सरकलं.

तिघांनी ते पाहिलं. टेलर वरच्या ट्यूबलाइटकडे बघू लागला. डॉक्टरीण म्हणाली, ते असू दे, तुला जे हलवायचं होतं ते हलव.

ताई हसली नाही. हात लागला की चाल झाली, हा त्या टेबलाचा कायदा होता, आणि तो तिनेच आणला होता. गेल्या वर्षी टेलरला शिंक आली, कोपर जहाजाला लागलं, तेव्हा तिने त्याला तेच जहाज हलवायला लावलं होतं. टेलर तो डाव हरला आणि पुढचे दोन शनिवार फुगून बसला. तरी कायदा कायमच राहिला.

"हात लागला," ती म्हणाली.

"ताई, तो काही लागला नाही, तो नुसता..." भाऊ अडखळला.

"थरथरला. बोल की. लाजतोस काय?"

मग तिने राखणीचं जहाज उचललं आणि समुद्रात नेऊन ठेवलं. मोठं बंदर उघडं पडलं. आत तिची चार जहाजं उभी होती, आणि समोर टेलरची. त्याने फक्त एक घर पुढे यायचं होतं. तो हनुवटी खाजवत बसला आणि मग त्याचा हात भलत्याच टोकाच्या, काही कामाच्या नसलेल्या जहाजाकडे निघाला.

"थांबा," ती म्हणाली. टेलरचा हात हवेतच राहिला.

तिला राग इतका आला होता की शब्द जुळायला वेळ लागला. कुणीतरी तिचं वाक्य पुरं करायला जाईल म्हणून तिने डावा हात वर करून धरला.

"गाडीची चावी काढून घेतली. ते मला पटलं. मागे पन्नास माणसांचे जीव असतात. घरात हा मला सुरीला हात लावू देत नाही. तेही सोसते. पण इथे कुणाचा जीव जाणार आहे? मला कच्चं लिंबू म्हणून खेळवायचं असेल तर आत्ताच सांगा. मी घरी जाते. पुन्हा यायची नाही."

भाऊ घाईघाईने सांगू लागला, की डॉक्टरांनी तिला त्रास होऊ देऊ नका म्हणून बजावलंय. टेलरने त्याला हातानेच गप्प केलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा चढवला.

"मग रडायचं नाही हं," तो तिला म्हणाला.

"मागच्या वर्षी कोण रडलं होतं?"

टेलरने मोठं बंदर घेतलं. चारही जहाजं उचलून त्याने आपल्या बाजूला रचली आणि सॉरीबिरी काही म्हणाला नाही. डॉक्टरीण जणू वाटच बघत होती. तिने पुढच्या चालींत ताईचं दुसरं बंदर आतल्या जहाजांसकट घेतलं, राखणीचं जहाज भर समुद्रात गाठून बुडवलं आणि चेहरा असा आनंदला की तिचा तिलाच संकोच वाटला असावा.

ताई हसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच राहिली. असा मार तिने आठ महिन्यांत खाल्ला नव्हता. तिला फार बरं वाटत होतं.

भावाला मात्र राहवेना. पटावर ताईचं एकच जहाज उरलं होतं आणि त्या जहाजाशेजारी भावाची तीन उभी होती. तो खुर्ची मागे सारून उठला. दमलीस ताई, झाला डाव, निघू या आता, असं म्हणत त्याने तिच्या काखेखाली हात घातला.

तिने तो हात झटकला.

"खाली बस. अजून एक जहाज आहे माझं. आणि चाल तुझी आहे. बुडव."