पालकाची सही

"बाप की सैन होना, अम्मा," कार्यालयाच्या खिडकीतला कारकून यादगिरी सहीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवत म्हणाला.

अम्मा, म्हणजे रेणुका, त्रेचाळीस वर्षांची होती. बाप वारला होता, नवराही वारला होता. दोघांचे मृत्यूचे दाखले तिने पिशवीतून काढून पुढे सरकवले. यादगिरीने ते नीट वाचून परत दिले, कागदपत्रांत खोट नाही असे कबूल केले आणि विचारले, मग सही कोण करणार?

फी-माफीच्या अर्जाची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला उत्पन्नाचा दाखला कमी पडला होता. दुसऱ्या खेपेला, बारावीनंतर पंचवीस वर्षे शिक्षण का थांबले याचे प्रतिज्ञापत्र हवे झाले. ते तिने आबिड्सच्या नोटरीकडून करून आणले. आज शेवटची तारीख होती. मलकपेठच्या दवाखान्यात आया म्हणून मिळणाऱ्या पगारात बी.ए.ची फी बसत नव्हती, आणि संध्याकाळच्या कॉलेजने तिची जागा आजच्या दिवसापुरतीच धरून ठेवली होती.

माझी सही मीच करते, असे तिने सांगून पाहिले. यादगिरीला ते मनापासून पटले. पण विद्यार्थी म्हटला की पालक आलाच, तोही जवळच्या नात्यातला आणि कमावता.

"विद्यार्थ्याहून मोठा पाहिजे, असं लिहिलंय?" रेणुकाने विचारले.

त्याने परिपत्रक दोन्ही बाजूंनी पाहिले. तसे कुठेच नव्हते. रेणुकाने तिथूनच मुलीला फोन लावला.

शिवानी गौलीगुड्याच्या औषधाच्या दुकानातून जेवणाच्या सुट्टीत धावत आली, पालकाच्या जागी सही केली आणि कार्यालय परत अडले. नात्याच्या रकान्यात कॉम्प्युटर वडील, आई, पती, भाऊ एवढेच दाखवत होता. मुलगी त्याला ठाऊकच नव्हती. यादगिरीने भलेपणाने सुचवले, शिवानीला आई करून टाकू.

"नक्को," रेणुका म्हणाली. "कल झूट है बोलके अर्जी काट डालेंगे."

यादीच्या अगदी तळाशी 'इतर, पुरावा जोडा' असे होते. यादगिरीने ते आजवर कधी दाबले नव्हते. तो पुराव्याची वाट पाहत बसला.

रेणुकाने पिशवीत पुन्हा हात घातला. चार वर्षांपूर्वीचा, याच खिडकीतला, शिवानीचा फी-माफीचा अर्ज निघाला. विद्यार्थिनी शिवानी, पालक रेणुका, नाते आई. खाली शिक्का आणि यादगिरीची सही.

"ये रिश्ता तुमीच पास करे थे."

यादगिरीने आपली सही निरखून पाहिली. स्वतःच्या सहीवर शंका घ्यायची तिथे पद्धत नव्हती. त्याने 'इतर' दाबले, शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे पालकाला समज दिली: हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली, तर बोलावणे येईल.

"मी बघते," शिवानी म्हणाली.

जिन्यात रेणुका थांबली. पोचपावती तिने घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. मग बापाचा आणि नवऱ्याचा दाखला पिशवीतून काढून शिवानीच्या हातात दिला.

"हे आता तुझ्याकडे ठेव. पालकाला लागतात."