पुलावरून डावीकडे

पूल ओलांडला तसा पाववाल्याच्या जिवात जीव आला. बरगडीखाली कळ मारत होती, नवे बूट टाचेला चावत होते, पण पूल ओलांडला होता.

ज्या पोरीला मागणी घालायला तो आला होता, तिने त्याला आधीच पढवून ठेवलं होतं. "बाबा घरात बसून काही बोलत नाहीत. सोबत पळायला नेतील. पुलापासूनच मागे फिरले तर समज, कारभार आटोपला. आधीच्या दोघांना तसंच आणलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं. पूल ओलांडला तर मात्र बोलतील."

आता बोलतील, मग बोलतील म्हणून पाववाला कान टवकारून पळत होता. पुढे पोरीचे वडील, ड्रायव्हरकाका. आठवडाभर या खोऱ्यातून बस चालवायची आणि सुट्टीच्या सकाळी जिथे बस जात नाही त्या वाटा पायांखाली घालायच्या, हा त्यांचा नेम. डोक्याला टक्कल, पोट सुटलेलं, पण पाऊल असं एका लयीत पडत होतं की मागच्याने लाजावं. मक्याच्या शेताचा बांध आला, पंपघर आलं, बंधारा आला. बंधाऱ्यावर काका म्हणाले, "शेवाळ आहे. बघून या." तो ओलांडून घराच्या काठाला आल्यावर म्हणाले, "पाणी वाढलंय." एवढंच. लग्नाबद्दल चकार शब्द नाही.

काठाने वर येत दोघे पुन्हा पुलाच्या तोंडाशी पोचले. इथून डावीकडे घर. कौलं दिसत होती, फाटक दिसत होतं, फाटकाला टेकून उभी असलेली पोरगी दिसत होती. पाववाल्याने छाती पुढे काढली, चेहऱ्यावर हसू आणलं.

काका उजवीकडे वळले. परत पूल.

परीक्षा असेल, अशी पाववाल्याने मनाची समजूत घातली. भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला उष्णतेची सवय असते, पळण्याची नसते. पाव काही पळून जात नाहीत. पुन्हा बांध, पुन्हा मका. पंपघराच्या पायरीवर दात घासत बसलेल्या माणसाने ब्रश तोंडातून काढला.

"काय ड्रायव्हर, रस्ता चुकलात की काय?"

उभ्या आयुष्यात रस्ता न चुकलेल्या काकांनी नुसता हात हलवला आणि पुढे गेले. तेव्हा कुठे पाववाल्याच्या लक्षात आलं, की काका मघापासून डाव्या पायाने लंगडताहेत. त्यांनाही हे झेपत नव्हतं. ही परीक्षा असलीच, तर काका स्वतःच तिच्यात नापास होत होते.

बंधारा झाला, काठ सुरू झाला. पुन्हा कौलं दिसली, पुन्हा फाटक. आता पोरीने डोळ्यांवर हात धरला होता. काकांनी मान फिरवली आणि नदीकडे बघत पळू लागले. मघाशीही त्यांनी असंच केलं होतं, हे पाववाल्याला आत्ता आठवलं. पुलाच्या तोंडाशी ते थांबले, खाली बसले आणि चांगली बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

"काका, माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकायचंय. तुमचा पाव खातो मी. चांगला असतो. कधी कच्चा निघाला नाही." काकांनी नाडीची गाठ आवळली. "तुम्हीही बरे आहात."

"मग?"

"मग घरी गेलो की ती विचारणार. मला काही तिच्याशी खोटं बोलता येत नाही. हो म्हणावं लागेल." त्यांनी गाठ परत सोडली. "आणि एकदा हो म्हटलं, की झालंच."

पाववाल्याला खरं तर उडी मारावीशी वाटली. पायांत गोळे आले होते म्हणून राहिलं. ज्या एका शब्दासाठी रात्र रात्र डोळा लागला नव्हता, तो या माणसाने नाडी बांधता बांधता सांगून टाकला होता. आता डावीकडे वळायचं, की खुर्ची, पाणी, चहा आणि ती. फाटकातून ती दोन्ही हात पसरून काय झालं म्हणून विचारत होती.

खाली वाकलेल्या काकांची घामाने भिजलेली मान त्याच्या समोर होती. मागचे चार केस पिकलेले, कॉलर उसवलेली. ही कॉलर शिवायचं काम आजवर कोणाकडे होतं, ते त्याला ठाऊक होतं. एकदम त्याला हा माणूस फार आवडला. इतका, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"काका," तो म्हणाला, "पलीकडे ती टेकडीवरून जाणारी वाट आहे ना?"

"आहे. तिचं काय?"

"ती याहून लांबची आहे का?"

"बरीच लांबची. ऊन चढेल."

"मग या खेपेला तिकडून जाऊ."

काकांनी मान वर केली. मग बाहीने तोंड पुसलं, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठले, आणि उठल्यावरही हात तिथेच ठेवला.

"चढ आहे तिकडे," ते म्हणाले. "सावकाश चल, पोरा. घाई करू नकोस."