मालकांचा चेहरा

बाळंतपणाची रजा संपवून ती काचेच्या कारखान्यात परतली, तेव्हा मालकांनी तिला सगळ्यांसमोर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगंबाई, केवढी सुटलीस! चाकासमोर मावशील का आता?" सगळे फिदीफिदी हसले. त्याच दिवशी नक्षी कोरायच्या चाकावरून उठवून तिला खोकी बांधायला बसवलं. घरी तान्हं लेकरू होतं, नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. ती खोकी बांधत राहिली, पण विसरली नाही.

पुढे मालकांचा साठावा वाढदिवस आला. पाहुण्यांच्या ग्लासांवर त्यांना स्वतःचा चेहरा कोरून हवा होता, आणि गोल काचेवर चेहरा साधणारा दुसरा हात कारखान्यात नव्हता. झक मारत तिला पुन्हा चाकावर बसवलं. तिने ग्लासाची पुढची बाजू कोरी ठेवली आणि चेहरा मागच्या बाजूला कोरला, काचेतून आरपार दिसेल असा. जन्मात कधी चाकाला हात न लावलेल्या मालकांनी रिकामा ग्लास उजेडाकडे धरला. तरतरीत नाक, आटोपशीर गाल. "तरुणच केलंस की गं मला!"

वाढदिवसाला ग्लासांत पाणी ओतलं, आणि पाण्याचं भिंग झालं. ज्याच्या त्याच्या हातात मालकांचा चेहरा फुगून दुप्पट रुंद झाला. सगळा हॉल पोट धरून हसायला लागला. मालक लालबुंद होऊन तिच्यासमोर आले. "हे काय केलंस?"

बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेत ती म्हणाली,

"अगंबाई, केवढे सुटलात मालक! ग्लासात मावताय ना?"